मुरारीभाऊंना न ओळखणारी गाडी

सकाळी आठच्या सुमाराला मी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी पोळ्या लाटत असायची आणि बाहेरून आवाज यायचा. खट्. मग पुन्हा खट्. मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग मुरारीभाऊ गाडीशी बोलायला लागायचे. ‘काय गो बाय, आज काय बिनसलं? काल तर उघडलीस.’

मुरारीभाऊ म्हणजे आमचे शेजारी. मूळ कुडपणचे. अठ्ठावीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर होते, निवृत्त झाल्यावर पोलादपुरात आमच्या भिंतीला लागून घर बांधलं. नवरा-बायको दोघंच असतात. मुलगा हृतिक मुंबईला नोकरीला. पहिली दोन वर्षं हे गृहस्थ ओट्यावर बसून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकायचे आणि ‘हिचा क्लच गेला’, ‘ह्यो पोरगा गेर लय मारून टाकतो’ असं आपल्याशीच म्हणायचे. ठकूताई, म्हणजे त्यांची बायको, मला म्हणायची, ‘माणूस घरात हाय पन घरात नाय.’

मग गेल्या वर्षी हृतिकने गाडी घेतली आणि मुंबईत ठेवायला जागा नाही म्हणून वडिलांकडे आणून ठेवली. त्या दिवसापासून मुरारीभाऊंची पाठ पुन्हा ताठ झाली. कुडपणच्या म्हाताऱ्यांना महाडला दवाखान्यात न्या, कुणाला बँकेत सोडा, कुणाची लेक बाळंत होऊन आली तिला घाटातून हळू वर पोचवा. सगळी गावाची कामं, आणि आनंदाने.

फक्त एक होतं. गाडी त्यांना ओळखायची नाही.

ही गाडी बिनचावीची. म्हणजे चावी आहे, पण ती लावायची नसते, नुसती जवळ असावी लागते. ज्याच्याजवळ चावी आहे तो दाराशी आला की गाडीला कळतं, हँडलला हात घातला की दार उघडतं. आत बसून बटण दाबलं की इंजिन चालू. चावी आत राहिली तर गाडी बंदच होत नाही, ओरडायला लागते. गाडीच्या पूजेच्या दिवशी मी ओवाळत असताना हृतिकने हे सगळं मला समजावून सांगितलं होतं. ‘माणूस विसरला तरी गाडी विसरत नाही, काकी,’ असंही म्हणाला होता. आणि वडिलांना बजावलं होतं की ही चावी म्हणजे साधं लोखंड नव्हे, आत यंत्र आहे, भिजली तर संपली.

झालं असं, की मुरारीभाऊ चावी घेऊन दाराशी गेले तरी गाडी कधी उघडायची, कधी नाही. आत बसल्यावर कधी चालू व्हायची, कधी पडद्यावर इंग्रजीत लिहून यायचं की चावी सापडत नाही. बरं, एसटीतली जुनी सवय अशी, की गाडी लावली की चारी बाजूंनी फिरून एकेक टायरला लाथ मारायची, एकेक दार हाताने ओढून बघायचं. हाताला लागल्याशिवाय त्यांचा विश्वास नाही. तर बंद केलेली गाडी ओढून बघावी, तेव्हा नेमकी उघडायची. उघडायला हवी तेव्हा बंद, बंद हवी तेव्हा उघडी. मुरारीभाऊ वैतागून म्हणायचे, ‘हिला मी पसंत नाय.’

तीनदा महाडच्या सर्व्हिस सेंटरला नेली. पहिल्या वेळी मीही बरोबर होते, मला तिथेच पुढे कापड घ्यायचं होतं. मेकॅनिकने हात पुढे केला, मुरारीभाऊंनी चावी काढून दिली, त्याने ती खिशात टाकली आणि हँडल ओढलं. उघडलं. बंद केलं, पुन्हा उघडलं. दहा वेळा. ‘काका, गाडीत काय फॉल्ट नाही.’ दुसऱ्या वेळी चावीतला सेल बदलला. तिसऱ्या वेळी काहीच न करता तो नुसता हसला, आणि त्या हसण्याने मुरारीभाऊंना दोन दिवस जेवण गेलं नाही. मीही एकदा आमच्या अंगणात चावी मागून घेऊन बघितली होती. माझ्या हाती लगेच उघडली. ठकूताईच्या हातीही उघडली. ज्याच्या हातात चावी द्याल त्याला गाडी ओळखायची, एका मुरारीभाऊंना सोडून.

ते स्वतः सुरुवातीला हसण्यावारी न्यायचे. म्हणायचे, ‘वयनी, हिला पानाची तलफ हाय. मी पान खाल्लं का चालू व्हते.’ आळीतले सगळे हसायचे. मीही हसले होते. त्याची आता मला लाज वाटते.

जूनमध्ये ठकूताईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं महाडला. डोळ्यावर हिरवी पट्टी, वर पाऊस कोसळतोय, आणि दवाखान्याच्या बाहेर गाडी उघडेना. तब्बल पंचवीस मिनिटं ती बाई डोक्यावर प्लास्टिकची पिशवी धरून उभी. मुरारीभाऊ मुंबईला फोन लावताहेत, हृतिक कामात आहे, फोन कापतोय. शेवटी उचलला तेव्हा तो ओरडला, की बाबा, तुम्ही नक्की चावी घेऊन निघालात का, घरी राहिली असेल, नीट आठवा. मुरारीभाऊंनी शोधायला म्हणून चावी बाहेर काढली, ती हातात धरली आणि गाडी उघडली. आता यावर मुलाला काय सांगणार?

तिथून हृतिकच्या डोक्यात बसलं की वडिलांचं विसरायला होतंय. गणपतीत आला तेव्हा त्यांना महाडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी प्रश्न विचारले. साल कोणतं, शंभरातून सात गेले किती, त्यातून सात गेले किती, आज वार कोणता. वजाबाकी मुरारीभाऊंनी भराभर केली. वार मात्र चुकला. बुधवार होता, ते मंगळवार म्हणाले. निवृत्त माणसाला बुधवार काय आणि मंगळवार काय, माझ्याही नवऱ्याला सुट्टीत वार कळत नाहीत. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे, काळजी नको. पण हृतिकने तो एक मंगळवार धरून ठेवला. नोव्हेंबरात येतो आणि गाडी घेऊन जातो म्हणाला. मित्राच्या सोसायटीत जागा मिळाली होती. ‘घाटात काही झालं तर लोक मला विचारतील, काकी,’ असं मला फोनवर म्हणाला. त्याचंही अगदीच खोटं नव्हतं. काळजीच होती ती, पण तिच्यात ऐकून घेण्याएवढी उसंत नव्हती.

मुरारीभाऊंनी एका शब्दाने वाद घातला नाही. मला त्याचंच वाईट वाटलं. एकदा संध्याकाळी कुंपणापाशी मला हळूच विचारलं, ‘वयनी, खरं सांगा. मी तेच तेच बोलतो का हो?’

मी नाही म्हटलं. त्यांना ते पटल्यासारखं दिसलं नाही. म्हणाले, ‘गाडी ग्येली तर मी काय करू? ओट्यावर बसून दुसऱ्याच्या गाड्या ऐकू?’

हृतिक शनिवारी येणार होता. त्याच शनिवारी सकाळी ठकूताईने ठरवलं, की गाडी जाण्याआधी तिच्यातून एकदा कुडपणला जाऊन यायचं आणि नाचणीची दोन पोती खाली आणायची. मला म्हणाली, तूही चल, तुलाही नाचणी हवीच आहे. मी डबा केला आणि निघाले.

घाटात मुरारीभाऊ गाडी चालवताना बघायला हवेत. वळणाच्या आधी हॉर्न, वळणावर गेर खाली, समोरून येणाऱ्याला वाट, आणि हे करता करता कोणत्या वर्षी कुठे दरड आली होती ते सांगणं चालूच. या माणसाला वार आठवत नाही म्हणून गाडी काढून घेणार होते. मला राग नक्की कोणाचा येत होता ते कळत नव्हतं.

कुडपणला त्यांच्या चुलतभावाकडे, श्रीपतकडे, जेवलो. निघताना मुरारीभाऊंनी चावीवरचं बटण दाबून मागची डिकी उघडली. नाचणीचं एक पोतं श्रीपतने ठेवलं, दुसरं त्यांनी स्वतः उचललं, हातातलं होतं ते डिकीतच कुठेतरी ठेवलं, पोतं सरकवलं आणि डिकी दाणकन् लावली. मग हात धुऊन ताक प्यायला आत आले. आम्ही निरोप घेतला, पिशव्या उचलल्या, गाडीशी गेलो. खट्. उघडली नाही.

मुरारीभाऊंनी कमरेला हात लावला. मग खिसे. मग सदऱ्याचा खिसा. मग ते मागच्या काचेपाशी जाऊन वाकले आणि तसेच राहिले. मीही जाऊन बघितलं. दोन पोत्यांच्या मधे त्यांची पानाची पितळी डबी चकाकत होती.

ही डबी मी कायम त्यांच्याजवळ बघितलेली. त्यांच्या सासऱ्यांनी दिलेली, तळहाताएवढी, झाकण असं घट्ट की उघडताना टक् आवाज होतो. आत कप्पे. सुपारी, तंबाखू, चुना. पावसाळाभर तंबाखू कोरडी राहते म्हणून अभिमान. ‘चावी?’ मी विचारलं.

‘डबीत.’ मग म्हणाले, ‘पैल्या दिवसापासून डबीतच ठेवतो. भिजली तर संपली, बोल्ला ना त्यो.’

ठकूताई खाली दगडावर बसली. ‘आता तर झालंच,’ एवढंच म्हणाली. कारण हृतिक त्याच वेळी मुंबईहून निघालेला होता आणि दुसरी चावी फक्त त्याच्याजवळ होती. म्हणजे ज्याला हे कळायला नको होतं, त्यालाच बोलवावं लागणार होतं.

मुरारीभाऊंनी अंगणाच्या दगडी कुंपणातला, गडग्यातला, एक दगड उचलला. मला वाटलं नव्हतं ते असं काही करतील. म्हणाले, ‘काच फोडतो. सांगू, वरनं धोंडा आला.’ अठ्ठावीस वर्षांत ज्याने गाडीला एक ओरखडा काढला नाही, तो माणूस हातात धोंडा घेऊन उभा होता. मी नुसती काचेच्या आणि त्यांच्या मधे उभी राहिले. थोड्या वेळाने त्यांनी दगड होता तिथे परत रचून ठेवला, नीट, गडगा ढासळू नये असा.

फोन तिथे लागत नाही. देवळामागच्या कातळावर चढलं की दोन काड्या येतात. मुरारीभाऊ म्हणाले, तुम्हीच सांगा. मी चढले. हृतिकची बस महाडला पोचली होती. मी सांगितलं ते त्याने ऐकून घेतलं आणि एक मोठा श्वास सोडला. ‘काकी, म्हणूनच मी नेतोय ना गाडी. चावी आत ठेवून डिकी लावली. आता काय बोलायचं?’ पोलादपूरला मित्राची मोटारसायकल घेतो आणि वर येतो म्हणाला.

कातळावरून उतरताना माझ्या मनात एकच वाक्य अडकलं होतं. चावी आत ठेवून डिकी लावली. पण ही गाडी चावी आत असताना बंद होत नाही, ओरडते, असं त्यानेच तर सांगितलं होतं. मग ओरडली का नाही? चावी तर आतच, काचेपलीकडच्या डबीत होती. गाडीलाच ती दिसली नव्हती.

आणि मला माझ्या लेकीचा फोन आठवला. श्रुतिका बारावीला असताना मी तिचा फोन संध्याकाळी काढून घेऊन पिठाच्या स्टीलच्या डब्यात टाकायची आणि झाकण लावायची. तिच्या मैत्रिणी दुसऱ्या दिवशी तक्रार करायच्या की हिचा फोन बंद होता. फोन चालूच असायचा. डब्यात असायचा, एवढंच.

मी खाली आले तेव्हा मुरारीभाऊ गडग्यावर बसले होते. मी त्यांना काही सांगितलं नाही. चुकीचं निघालं तर त्या माणसाला आणखी एकदा तोंडावर पाडल्यासारखं झालं असतं. मी नुसतं विचारत गेले. गाडी कुठे कुठे उघडली नाही, सांगा बरं.

त्यांना सगळं पाठ होतं. पंधरा ऑगस्टला सकाळी कापडे गावाच्या नाक्यावर. नागपंचमीच्या आदल्या दिवशी बँकेसमोर. जूनमध्ये दवाखान्यात. ही विसरणाऱ्या माणसाची यादी.

दवाखान्यात पान खाल्लं होतंत का, मी विचारलं. छे, दवाखान्यात ते डबी काढत नाहीत, बरं दिसत नाही. बँकेत? तिथेही नाही. मग वरंधला बहिणीकडे गेला होतात, तेव्हा तर लगेच उघडली? हो, कारण दाजी गाडीपर्यंत सोडायला आले होते आणि तंबाखू मागत होते. डबी हातात उघडीच होती.

बोलता बोलता ते थांबले. माझ्याकडे बघितलं. ड्रायव्हरच्या नजरेला रस्ता लवकर दिसतो. ‘म्हंजे,’ म्हणाले, आणि उठून मागच्या काचेतून डबीकडे बघायला लागले.

हृतिक आला तेव्हा साडेतीन झाले होते. धुळीने भरलेला, दमलेला. कुणाशी न बोलता त्याने आपली चावी खिशातून काढली, दार उघडलं, डिकी उघडली, पोत्यांमधून डबी काढून वडिलांच्या हातात दिली. ‘बाबा, घ्या. यात ठेवलीत आणि विसरलात.’

मी म्हटलं, हृतिक, तुझी चावी आधी श्रीपतकाकांना दे आणि त्यांना देवळापर्यंत जाऊ दे. तो माझ्याकडे बघत राहिला, पण दिली. श्रीपत चावी मुठीत धरून, जणू अंगारा नेतोय असा, देवळापर्यंत गेला. मग मी मुरारीभाऊंना म्हटलं, डबी बंदच ठेवा, हँडलवरच्या बटणाने दार बंद होतं का बघा.

गाडीने दाद दिली नाही. झाकण उघडलं, टक्, आणि बटण दाबलं. आरसे मिटले, गाडी बंद. झाकण लावलं, हँडल ओढलं. खट्. उघडत नाही. झाकण उघडलं. उघडली. लावलं. खट्. उघडलं. उघडली. मुरारीभाऊ थांबेनात. ते पुन्हा पुन्हा तेच करत होते, सुपारीचे तुकडे खाली सांडत होते. शेवटी ठकूताईने त्यांचा हात धरला.

हृतिकने डबी घेतली, स्वतः एकदा करून बघितलं. मग म्हणाला, ‘मग आधी सांगायचं ना, डबीत ठेवतो म्हणून.’

मला इतका संताप आला, की मी तोंड फिरवून दरीकडे बघायला लागले.

मुरारीभाऊ शांतपणे म्हणाले, ‘तू इचारलंस कुठं, बाला? चावी कुठं ठेवता, त्ये कुणीच नाय इचारलं. तू मला वार इचारलास.’

हृतिकने माफी वगैरे मागितली नाही. आमच्याकडे बापाची माफी मागायची रीत नाही, आणि नसलेली रीत पोरांच्या पथ्यावर पडते. पण मोटारसायकलवर न बसता, ती श्रीपतच्या मुलाकडे खाली पोचवायला देऊन, तो गाडीत बसला. पुढे, वडिलांच्या शेजारी. घाटात तीन वळणं झाल्यावर त्याने विचारलं की इथे दरड कुठल्या साली आली होती. रविवारी तो बसने मुंबईला गेला. गाडी इथेच आहे.

वाटलं होतं, आता सुटलं सगळं. मी जुन्या ब्लाउजपीसची एक पिशवी शिवून दिली, चावी आता तिच्यात, सदऱ्याच्या खिशाला पिन लावून. पावसाळ्यात वर मेणकापड. गाडी एका हाकेत उघडते. पण मुरारीभाऊंची झोप त्या पोराने जी घालवली ती आली नाही. गाडी लावून घरात जातात आणि परत येतात. बंद केली ना मी? आणि बघायला जावं तर चावी खिशात, हँडलला हात लावला की ही बया उघडते. बंद असल्याची खात्री करायला गेलं की उघडी होणारी गाडी. कधी ठकूताईला हाका मार, चावी घेऊन लांब जा. कधी मला. आठवडाभर मी पोळ्या सोडून त्यांची चावी हातात घेऊन आळीच्या टोकाला उभी राहत होते.

मग एका सकाळी हाक आली नाही. मी खिडकीतून बघितलं. त्यांनी बटण दाबून गाडी बंद केली. खिशाची पिन काढली, पिशवीतून चावी काढली, पितळी डबीत ठेवली आणि झाकण दाबलं. टक्. मग चारी बाजूंनी फिरले. खट्. खट्. खट्. खट्. आणि डिकी. एकही उघडलं नाही. टायरना लाथा मारून झाल्या. मग डबी उघडून चावी परत खिशात, पिन पक्की.

घराकडे वळता वळता ते माझ्या खिडकीतून दिसणाऱ्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून स्वतःशीच म्हणाले, ‘गुरवार. बंद हाय.’

आता रोज म्हणतात. आधी वार, मग बंद.